काकडी ते उजळाईवाडी : हवाई अंतराचे गणित

अंतराला वेगाने भागले की प्रवासाचा वेळ मिळतो, हे शाळेत शिकविले जाते. दोन लहान विमानतळांमधील प्रवासाला मात्र एवढा भागाकार पुरत नाही. संगमनेरच्या रहिवाशांना आता विमानतळ जवळ आला आहे. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे उभारलेल्या शिर्डी विमानतळाचे उद्‌घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते झाले. संगमनेरपासून तो सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटरवर आहे. त्यामुळे हे गणित तालुक्यातील व्यापारी, विद्यार्थी व रुग्ण यांच्या उपयोगाचे आहे.

अंतर कसे मोजतात?

उदाहरणादाखल कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ घेऊ. १९३९ मध्ये सुरू झालेला हा विमानतळ काकडीच्या जवळजवळ सरळ दक्षिणेस आहे. काकडीचा अक्षांश सुमारे १९ अंश ४१ मिनिटे, तर उजळाईवाडीचा १६ अंश ४० मिनिटे. फरक ३ अंश १ मिनिट, म्हणजेच १८१ मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. यावरून हवाई अंतर सुमारे ३३५ किलोमीटर येते. संगमनेरहून पुणेमार्गे कोल्हापूर रस्त्याने सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे.

वेळ कसा ठरतो?

लहान विमानतळांवर वापरले जाणारे पंख्याचे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने ३३५ किलोमीटरला ४० मिनिटे लागतात. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असल्यास ४५ मिनिटे, तोच मागून असल्यास ३७ मिनिटे. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, वेग कमी करून उतरणे यांसाठी आणखी १५ ते २० मिनिटे धरावी लागतात. म्हणून प्रत्यक्ष उड्डाण सुमारे एक तासाचे होते.

हा जादा वेळ अंतर कमी झाले म्हणून घटत नाही. काकडी ते नाशिकजवळील ओझर विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ६७ किलोमीटर आहे. भागाकाराने आठ मिनिटे येतात. पण चढणे-उतरणे यांतच त्याहून अधिक वेळ जातो. एवढ्या अंतराला मोटारच सोयीची.

घरापासून घरापर्यंत

संगमनेरहून काकडीला पोहोचण्यास पाऊण तास, उड्डाणापूर्वीच्या तपासणीसाठी किमान एक तास, उड्डाण एक तास व उतरल्यावर अर्धा तास, असे सव्वातीन तास होतात. रस्त्याने हाच प्रवास सात-आठ तासांचा आहे. मात्र ही बचत थेट विमान असेल तरच होते. मुंबई किंवा अन्य शहरात विमान बदलावे लागल्यास तेथील प्रतीक्षेत ती संपून जाते.

केंद्र शासनाच्या 'उडान' योजनेचा पाया याच विचारावर आहे. सुमारे ५०० किलोमीटर किंवा एक तासाच्या उड्डाणासाठी निम्म्या आसनांपर्यंत सवलतीचे भाडे देऊन लहान विमानतळ थेट जोडावेत, असे २०१६ मध्ये ठरविण्यात आले. तेव्हा भाड्याची मर्यादा २,५०० रुपये होती.

तात्पर्य, विमानतळ किती जवळ आहे यापेक्षा तेथून कोठे थेट जाता येते, हे प्रवाशाने आधी पाहावे. धावपट्टीमुळे गाव नकाशावर येते. ते खऱ्या अर्थाने जवळ येते ते नियमित व थेट सेवेमुळे.