"सर, मोठं मिग पायजे!" : एका हट्टातून निघालेले गणित-विज्ञानाचे तास



26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला भारतीय वायुदलानं मिग-21 ला निरोप दिला. 1963 पासून सेवेत असलेलं विमान. आमच्या नववीतल्या एका मुलानं तो व्हिडिओ बाबांच्या मोबाइलवर पाहिला. मोबाइल एक दाखवून थांबतो थोडाच! पुढचा व्हिडिओ आला तो एका हौशी माणसाचा. त्यानं जवळजवळ तीन मीटर लांबीचं, रिमोटवर उडणारं लढाऊ विमान बनवलेलं, आत खरंखुरं छोटं जेट इंजिन. दुसऱ्या दिवशी पोरगं वर्गात दोन्ही हात पसरून उभं. "सर, एवढं मिग बनवता येते का आपल्याले?"

मी काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. म्हणालो, "आधी गणितात पास हो, मग मिग उडव." वर्ग हसला. तो बसला. आठवडाभर त्यानं मला काहीच विचारलं नाही. मग त्याचे बाबा शाळेत आले. "सर, पोराले जरा समजवा. विमान पायजे म्हन्ते. रात्री झोपत नाही, मोबाइलवर किमती पाह्यते."

आमची शाळा मूल-सिंदेवाहीच्या पट्ट्यात, गडचिरोलीची हद्द फार लांब नाही. इथल्या मुलांनी विमान पाहिलेलं असतं ते आभाळात ठिपक्याएवढं. हेलिकॉप्टरची ओळख मात्र जास्त, कारण गडचिरोलीच्या दुर्गम केंद्रांवर निवडणुकीत मतदान पथकं हेलिकॉप्टरनं नेतात. अशा ठिकाणच्या मुलाला मोठं मिग हवं वाटलं, तर त्याला "हो" म्हणणंही खोटं आणि "नाही" म्हणणंही चुकीचं. मी ठरवलं, याच्याबरोबर बसून हिशोब करायचा. त्यातून चार-पाच तास झाले. तुम्हालाही वर्गात घेता यावेत म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला तास ठोकळ्यांचा. गणित पेटीतले एक सेंटिमीटरचे ठोकळे घ्या. एक ठोकळा म्हणजे आपलं मॉडेल. आता त्याच आकाराचा, पण प्रत्येक बाजू पाचपट असलेला घन रचायला सांगा. मुलं पहिल्यांदा पाच ठोकळे घेतात. मग म्हणतात पंचवीस. रचायला लागल्यावर पेटी संपते, शेजारच्या वर्गातून पेटी आणावी लागते, आणि 125 ला घन पूर्ण होतो. हे फळ्यावर सूत्र लिहून कळत नाही हो, पेटी संपल्यावरच कळतं. लांबी 5 पट, पृष्ठफळ 25 पट, घनफळ 125 पट.

आता मिग. पंखांचा विस्तार 7.15 मीटर, लांबी साधारण साडेचौदा मीटर, पंखांचं क्षेत्रफळ 23 चौरस मीटर. वजन सोयीसाठी 8,000 किलो धरू. एक-पंचमांश मॉडेल केलं तर पंख 1.43 मीटर, लांबी 2.9 मीटर. वर्गातल्या दोन बाकांएवढं. इथवर सगळे खूश. क्षेत्रफळ 23 भागिले 25, म्हणजे 0.92 चौरस मीटर. आणि वजन? खऱ्या विमानाइतकंच ठासून भरलेलं मॉडेल केलं तर 8,000 भागिले 125, म्हणजे 64 किलो. "सर, हे तर धानाच्या पोत्याएवढं झालं!" असं मागच्या बाकावरून आलं. बरोबर तेवढंच.

हवेत राहण्यासाठी लागणारा वेग हा पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती वजन आहे त्याच्या वर्गमुळावर ठरतो. खऱ्या मिगवर हा भार चौरस मीटरला सुमारे 348 किलो, उतरण्याचा वेग ताशी तीनशेच्या आसपास. आपल्या 64 किलोच्या मॉडेलवर भार 70 किलो, म्हणजे पाचवा हिस्सा. वेग 300 भागिले वर्गमूळ 5, ताशी 134. पण तेच मॉडेल 15 किलोत बसवलं तर भार 16 वर येतो आणि वेग ताशी 65 च्या जवळ. नववीच्या मुलांना वर्गमूळ कशाला शिकायचं हा प्रश्न त्या दिवसानंतर कुणी विचारला नाही. हौशी लोक मोठ्या मॉडेलच्या मागे का असतात तेही इथेच समजतं. मोठं मॉडेल हलकं ठेवता आलं तर ते वाऱ्यानं कमी हेलकावतं, शांतपणे वळतं, खऱ्यासारखं दिसतं. छोटं मॉडेल चिमणीसारखं भिरभिरतं. म्हणजे मुलाचा हट्ट अगदीच पोरकट नव्हता.

पण 15 किलो ताशी 65 नं जमिनीवर आले तर? गतिज ऊर्जा काढा: साधारण 2,400 ज्यूल. अडीच किलोची वीट 100 मीटर उंचीवरून टाकल्यासारखं. आणि हा उतरण्याचा वेग आहे. हवेत वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट. इथे वर्ग जरा शांत झाला.

पालकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. ड्रोन नियम 2021 फक्त चार पंख्यांच्या ड्रोनला लागू आहेत असा गैरसमज आहे. रिमोटवरचं विमानही त्यातच येतं. शिक्षण किंवा हौस म्हणून, नजरेच्या टप्प्यात उडवायचं मॉडेल 25 किलोपर्यंतच. 2 किलोपर्यंतचं विमान, व्यवसायासाठी नसेल तर, उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्यापुढे लागतं, आणि ते मिळायला वय 18 पूर्ण आणि दहावी पास हवी. म्हणजे पंधरा किलोचं मिग नववीच्या मुलाच्या हातात येऊच शकत नाही, पैसे असले तरी. (जेट इंजिनाचं मॉडेल लाखांच्या घरात जातं, तो विषय तिथेच संपला.) कुठे उडवता येईल याचा हिरवा-पिवळा-लाल नकाशा डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर असतो, तो पाहिल्याशिवाय काहीही उडवू नका. आपल्या जिल्ह्यात ताडोबा आहे, भद्रावतीला आयुध निर्माणी आहे, चंद्रपूरचं वीज केंद्र आहे. गडचिरोलीच्या बाजूला तर आकाशात काही घरघरलं की लोक आधी पोलिसांचा ड्रोन समजतात. तिथे लढाऊ विमानाच्या आकाराचं काही अचानक उडवणं म्हणजे गावाला घोर लावणं. नियमात बसत असेल तरी पोलीस पाटलांना आणि ठाण्यात आधी सांगून ठेवा.

मग आम्ही काय केलं? इंजिन नाही, रिमोट नाही, फक्त ग्लायडर. मुलगा नाराज. "सर, हे तं पोरायचा खेळ झाला." त्याला मारुतची गोष्ट सांगितली. एचएफ-24 मारुत हे बंगळूरुला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये घडलेलं आपलं पहिलं स्वदेशी लढाऊ जेट, 17 जून 1961 ला पहिल्यांदा उडालं. पण त्याच्या दोन वर्षं आधी, 1959 मध्ये, त्याच मापाचा लाकडी ग्लायडर करून तो उडवून पाहिला होता. कुर्ट टँकसारख्या नामांकित अभियंत्याला ग्लायडर कमीपणाचा वाटला नाही. हे ऐकून स्वारी तयार झाली.

थर्माकोलच्या पत्र्यातून एक-दशांश मिग कापलं. पंख 71.5 सेंटिमीटर. हातातून सुटलं की नाक वर करायचं, क्षणभर थांबायचं आणि शेपटीवर आदळायचं. वजन कुठे टाकायचं हे मी सांगितलं नाही (सांगायचा मोह फार होतो, आवरा). तिसऱ्या दिवशी एका मुलीनं नाकात ओली माती दाबली आणि ते बारा पावलं गेलं. गुरुत्वमध्य हा शब्द त्यानंतर दिला. मग तेवढ्याच वजनाचं, पण लांब सरळ पंखांचं दुसरं केलं. हे सहज चाळीस पावलं जायला लागलं. मिगचे आखूड त्रिकोणी पंख आवाजापेक्षा जास्त वेगासाठी असतात, तरंगण्यासाठी नाहीत, हे त्यांनी पावलं मोजून शोधलं. मुलांना पंखाखाली क्षेपणास्त्रं लावायची होती, ती मी लावू दिली नाहीत. वजनाचं कारण दिलं. खरं कारण वेगळं होतं. बंदुका इथल्या मुलांना शिकवाव्या लागत नाहीत.

धान कापल्यावर मोकळ्या झालेल्या बांध्यांत आम्ही उडवत होतो. पडलं तरी तुटत नाही, म्हणून जागा चांगली. एका दुपारी लांब पंखांचं ग्लायडर वाऱ्यावर चढलं आणि थेट झुडपी जंगलाकडे निघालं. आमचा मिगवाला त्याच्या मागे धावत सुटला. बांधाच्या पलीकडे गेला तेव्हा मी जे ओरडलो, तसा वर्गात कधी ओरडलो नाही. ब्रह्मपुरी-सिंदेवाही भागात वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या काय असतात ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पोरगं थांबलं, परत आलं. ग्लायडर गेलं ते गेलंच. चूक माझी होती, उडवण्याची दिशा मी ठरवायला हवी होती. त्या दिवसापासून नियम: जंगलाकडे पाठ करून फेकायचं, आणि बांधापलीकडे गेलेलं विमान आपलं नाही. तुम्ही हा उपक्रम घेणार असाल तर बाकी काही विसरलात तरी चालेल, हे आधी करा.

सध्या पुढच्या विमानाच्या सांगाड्यावर काम चालू आहे. हौशी लोक बाल्सा लाकूड वापरतात, ते आपल्याकडे महाग. आपली काटेसावर त्याच्याच कुळातली, बाल्सापेक्षा जड पण सागापेक्षा बरीच हलकी. आणि बांबू तर दारात आहे; चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र चंद्रपूरजवळच, सहलीसाठी चांगलं ठिकाण. पंखाच्या फासळ्यांसाठी बारीक कामट्या हव्या होत्या, त्या आम्हाला काही जमेनात. एका शनिवारी मुलाचे बाबा कोयता घेऊन आले. व्हरांड्यात बसून त्यांनी तासाभरात वीस कामट्या काढल्या, सगळ्या एका जाडीच्या. वजनकाट्यावर ठेवल्या तेव्हा त्यांनीच विचारलं, "आनखी पातळ करू का सर? किती ग्राम पायजे?"

मुलानं वहीत लक्ष्य लिहिलंय: मोटर, बॅटरी, रिसीव्हर धरून 900 ग्रॅम. मिगचा आकार त्यानं स्वतःच सोडला, सरळ पंख घेतले. दहावीनंतर नागपूरला एनसीसीच्या एअर विंगमध्ये जायचं म्हणतो, कारण तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात हे त्याला कळलंय. थर्माकोलचं मिग वर्गात पंख्यापासून लांब, दोरीनं टांगलेलं आहे. नाकातली माती वाळून पडायला लागली की कुणीतरी नवी भरतं.