सायकलच्या दुकानातून कारखान्याकडे

आज कवठे महांकाळच्या रस्त्यावर सायकल दिसली तर कुणी वळूनही बघत नाही. पण १८८८ साली ती नवलाईची वस्तू होती. तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बंधू रामूअण्णांसोबत बेळगावात सायकलचं दुकान काढलं. सायकल विकायची, दुरुस्त करायची आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायची!

यंत्र हाताळायची हीच सवय पुढे कामी आली. त्यांनी लोखंडी नांगर बनवला. शेतकरी सुरुवातीला बिचकले, पण लक्ष्मणराव थांबले नाहीत. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला. १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली, आपल्याच सांगली जिल्ह्यात.

म्हणून चेन निसटली की लगेच दुकान गाठू नका. आधी स्वतः बसवून बघा.