पोरके मूल कोणाच्या हवाली करावे?

माथेरानच्या पश्चिम कड्यावरून इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या कुशीत, खालापूर तालुक्यात, ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून ती गाडली गेली. २७ प्रेते हाती लागली. ५७ माणसे सापडलीच नाहीत. कित्येक लेकरे आश्रमशाळेत होती म्हणून वाचली, परंतु त्यांतील काहींचे मायबाप गेले.

वाचकहो, अशा लेकरास दूरच्या अनाथगृहात धाडावे काय? आम्हांस वाटते, घाई करू नये. अन्नवस्त्र तेथे मिळेल. पण ठाकरी बोली, रानभाज्यांची ओळख व आजीची कूस कोठून मिळणार? २०१५ चा बाल न्याय अधिनियमही सांगतो की, प्रथम कुटुंब व नातलग, संस्था अगदी शेवटी.

मात्र आजीचेच पोट हातावर असते. तिच्यासारख्यांकरिता राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिची रक्कम २०२३ साली दरमहा २२५० रुपये झाली. अर्जाचा निर्णय बाल कल्याण समिती करते. त्यास मायबापांचे मृत्यूचे दाखले लागतात, आणि येथेच गाडे अडते. ज्याचे प्रेतच सापडले नाही, त्याचा दाखला निरक्षर म्हातारीने कसा काढावा? शिकलेल्या शेजाऱ्याने तिच्याबरोबर कचेरीत जावे, व कागद पुरे होईपर्यंत जात राहावे.