लशीतलं ‘ताकदीचं औषध’ वेगळं मिळेल का?

प्रश्न : माझं बाळ अडीच महिन्यांचं आहे. पेंटाच्या दुसऱ्या सुईनंतर मांडीवर गाठ आली. लशीत ताकद वाढवणारं ॲल्युमिनियम असतं, त्यानं असं होतं, असं शेजारी म्हणतात. ते घातक आहे का? आणि त्यानं ताकद येत असेल, तर ते वेगळं मिळेल का?
— एक आई, सूरजागड (ता. एटापल्ली)

उत्तर : ताई, घाबरू नका. शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. पाच आजारांवरच्या पेंटा लशीत, उदाहरणार्थ, हिपॅटायटिस बी विषाणूचा फक्त एक अंश असतो. तेवढ्यानं शरीर नीट जागं होत नाही, म्हणून तुरटीच्या कुळातला ॲल्युमिनियमचा क्षार अत्यल्प प्रमाणात मिसळतात. तो संरक्षक पेशींना हाक देतो आणि त्या विषाणूची ओळख वर्षानुवर्षं जपतात. ही युक्ती १९२६ पासून माहीत आहे. गाठ बहुधा त्याचीच खूण. ती हळूहळू विरते.

पण हा क्षार एकटा निरुपयोगी आहे. चोर दाखवलाच नाही, तर राखणदार ओळखणार कुणाला? गोवर-रुबेलाच्या लशीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो, म्हणून तिला हा क्षार लागतच नाही.

गाठ चोळू नका, शेकू नका, पाला बांधू नका. थंड ओलं फडकं ठेवा. पॅरासिटामॉल नर्सताईंनी सांगितलं तेवढंच द्या. गाठ वाढली, पू झाला, ताप दोन दिवसांत उतरला नाही, बाळ दूध पिईना किंवा झटका आला, तर लगेच दवाखाना गाठा.

पेंटाची चौदाव्या आठवड्याची सुई चुकवू नका. उशीर झालाच, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.