कलाशिक्षण आणि चरितार्थ : बडोद्याचा धडा

स्फूर्ती कोठून घ्यावी आणि शिक्षणानंतर चरितार्थ कशावर चालवावा, हे दोन प्रश्न कलेच्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे उभे असतात. दोहोंचे उत्तर हातकामात सापडते, असे बडोद्याचा इतिहास सांगतो.

महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनात चित्रकलेबरोबरच कापडाची रंगाई, विणकाम व सुतारकाम शिकविले जाई. दादासाहेब फाळके येथेच छायाचित्रण आणि छपाईची तंत्रे शिकले. गोध्र्यातील छायाचित्रणाचा व्यवसाय त्यांना सोडावा लागला, तरी छपाईची विद्या हाताशी होती. याच कौशल्यांच्या बळावर त्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला आणि अनेकांना नवा व्यवसाय खुला झाला.

पुढे १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला शाखा सुरू झाली. ना. श्री. बेंद्रे यांनी तेथे चित्रकारांची एक पिढी घडविली. हातमाग मंडळात काम केलेल्या के. जी. सुब्रमण्यन यांच्या पुढाकाराने १९६१ पासून कलामेळे भरू लागले. शिक्षक-विद्यार्थ्यांनी घडविलेली खेळणी तेथे सामान्य नागरिक विकत घेत.

तात्पर्य, विद्यार्थ्यांनी चित्राच्या चौकटीपाशी न थांबता निदान एक हातकाम पूर्णपणे आत्मसात करावे. त्यातून कल्पना सुचतात आणि अडचणीच्या काळी तेच आधार देते.