उठणे आणि उठवणे

एकेकाळी सोलापुरात कापडगिरणीचा भोंगा कामगारांना उठवीत असे. ‘उठणे’ला ‘व’ जोडला की मराठीत ‘उठवणे’ होते. स्पॅनिश भाषेची रीत उलटी आहे. ‘देस्पेर्तार’ म्हणजे दुसऱ्याला झोपेतून उठवणे. त्याला ‘से’ जोडले की ‘देस्पेर्तार्से’, म्हणजे आपण स्वतः उठणे. वर्तमानकाळात हा ‘से’ क्रियापदाच्या आधी येतो व कर्त्याप्रमाणे बदलतो :

मी उठतो – मे देस्प्येर्तो
तू उठतोस – ते देस्प्येर्तास
तो उठतो – से देस्प्येर्ता
आम्ही उठतो – नोस देस्पेर्तामोस
तुम्ही सारे उठता – ओस देस्पेर्ताइस
ते उठतात – से देस्प्येर्तान

‘पेर्’चा ‘प्येर्’ कोठे झाला ते पाहा. बोलताना त्या अक्षरावर जोर पडतो तेथेच! ‘आम्ही’ व ‘तुम्ही’च्या रूपांत जोर पुढे ‘ता’वर सरकतो, म्हणून मूळ स्वर टिकतो.

शेवटचा स्वर मात्र सांभाळा. ‘मे देस्प्येर्तो’ म्हणजे मी उठतो. ‘ला सिरेना मे देस्प्येर्ता’ म्हणजे भोंगा मला उठवतो. एका स्वराने कर्ताच बदलला!

आता ‘सेन्तार्से’ म्हणजे बसणे हे क्रियापद याच रीतीने चालवा. ‘मी बसतो’ कसे म्हणाल?

(उत्तर : मे स्येन्तो.)