शहर खेळण्याएवढे का दिसते?

बोट डोळ्यांजवळ धरून त्याच्याकडे पाहा. मागची भिंत पुसट होते. दूरच्या डोंगराकडे पाहताना असे होत नाही. कॅमेऱ्याचेही तसेच आहे: वस्तू जवळ असली की स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो. म्हणून चित्रात पुढेमागे पुसटपणा दिसला की वस्तू लहान आणि जवळ आहे, असा आपला समज होतो.

समजा, मसाट येथील एखाद्या कारखान्याच्या गच्चीवरून खालचा रस्ता टिपावयाचा आहे. भिंग फिल्मशी किंवा संवेदकाशी समांतर न ठेवता किंचित वर कलते केल्यास स्पष्टतेची पातळीही कलते आणि रस्त्याचा अरुंद पट्टाच स्पष्ट उरतो. हा नियम ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइम्फ्लुग यांच्या नावाने ओळखला जातो. संगणकावर चित्राचा वरचा व खालचा भाग पुसट करूनही हा परिणाम साधतो. इटलीच्या ऑलिव्हो बार्बिएरी यांच्या २००४ च्या मालिकेतील, हेलिकॉप्टरमधून टिपलेले रोम असेच खेळण्यातले वाटते.

मात्र मसाटच्या त्या चित्रात पाळी सुटून घरी निघालेले कामगारही मातीच्या बाहुल्या वाटतील. भिंगामुळे माणूस लहान दिसतो, लहान होत नाही, हे चित्र टिपणाऱ्याने व पाहणाऱ्यानेही विसरू नये.